अर्धी गोळी

मी औषधाच्या कारखान्यात जंताच्या गोळ्यांची पाकिटं तपासते, म्हणून घरी माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझी लेक राहते धाकट्या बहिणीकडे, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. नवरा गेला, नोकरी इथे मिळाली, दुसरा इलाजच नव्हता.

बहिणीचा फोन आला. "ताई, पोर सारखी खाजवतेय गं, झोपत नाही. डॉक्टरांनी जंताची एक गोळी लिहून दिलीय."

"एक? अर्धी दे!" मी खेकसले. "चुरडून, पाण्यात कालवून. घशात अडकली म्हणजे?"

"अगं, पण ती आता..."

"गोळ्यांत कोण काम करतं, तू की मी?"

बिचारीने निमूटपणे अर्धीच दिली. दोन आठवडे झाले तरी खाज काही हटेना. पोर चिडचिडी झाली, जेवेना. इथे मला घास गोड लागेना. कपाळावर हात ठेवायला मी तिथे हवी होते, आणि होते कुठे, तर टोपी घालून कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासमोर.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी औषधं पास करणाऱ्या मॅडमना गाठलं. "तुमच्या गोळीत काही दम नाही बघा!"

त्या हसल्या. "किती दिली?"

"अर्धी. लहान आहे हो माझी."

"लहान म्हणजे केवढी? अर्धी दोन वर्षांच्या आतल्यांना. पुढे पूर्ण."

मी बोटांवर मोजायला लागले. मी निघाले तेव्हा चौदा महिन्यांची होती. त्यानंतर तीन वर्षं आणि वर दोन महिने. म्हणजे चार वर्षं उलटून गेली की! रोज फोनवर दिसायची ती मला; पण फोनात सगळेच तळहाताएवढे दिसतात. माझ्या मनात ती अजून कडेवरच होती.

"मग उरलेली अर्धी आज द्यायला सांगू?"

"आता आणखी डोकं चालवू नका," मॅडम म्हणाल्या. "झालं ते डॉक्टरांना खरंखरं सांगा. ते म्हणतील तसंच करा."

बहिणीला फोन केला. वाटलं होतं, ती झाडेल. ती एवढंच म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते गं, ती मोठी झालीय म्हणून."

डॉक्टरांनी पोरीचं वजन केलं आणि पूर्ण गोळी द्यायला सांगितली, दोन आठवड्यांनी पुन्हा एक. घरातल्या सगळ्यांनीही घ्यायची, नखं कापायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. बहीण हे फोनवर सांगत होती, तेव्हा मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल.

गोळी देताना बहिणीने फोन समोर धरला. चुरडून दे, हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले.

"चावून खा हं बाळा," मी म्हटलं.

"मला येतं," ती तोऱ्यात म्हणाली आणि कडाकडा चावून मोकळी झाली. वर घोटभर पाणी प्यायली. "बघ, संपली!"

तिने आ केला. वर-खाली दातांच्या भरगच्च रांगा. यातले कितीतरी मी निघून आल्यावर हिरड्या फोडून आले असतील. ताप आला असेल, रडली असेल, आणि कुणीतरी तिला खांद्यावर घेऊन फिरवलं असेल. ती मी नव्हते.

तिने तोंड मिटलं.

"पुन्हा दाखव ना."

"संपली म्हटलं ना गोळी!"

"माहितेय गं," मी म्हटलं. "तरी दाखव."