सगळ्यात वरचं नाव

आमच्या ट्रकच्या गेममध्ये एक नियम आहे, आणि तो समजायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. मूळ गेम परदेशातला. रस्ते, गाड्या, गावं, सगळं तिकडचं. ते बदलण्यासाठी लोक छोट्या छोट्या फायली बनवतात, त्यांना मॉड म्हणतात. कोणी एसटी बनवतो, कोणी तिचा हॉर्न, कोणी नगर-मनमाड रस्ता खड्ड्यांसकट. गेम चालू करायच्या आधी हे मॉड एका यादीत लावावे लागतात. गेम यादी वरून खाली वाचतो. दोन मॉड एकाच जागेवर हक्क सांगत असतील, तर नंतर वाचलेला आधीच्यावर बसतो. थोडक्यात, खालचा राहतो आणि वरचा झाकला जातो.

रामदादाने यादी लावली होती ती फ्लेक्सवर फोटो लावतात तशी.

रामदादाचं श्रीरामपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 'नगरी रस्ते' हा आमचा पॅक, म्हणजे मॉडचा गठ्ठा, त्याच्या डोक्यातून निघाला. मॅप त्याचा: बसस्टँड, बाजारपेठ, साखर कारखाना, उसाची शेतं. पॅक सुरू होताना बनवणाऱ्यांची नावं यादीच्याच क्रमाने स्क्रीनवर येतात, म्हणून क्रमाला मान चिकटला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो वर आणि कोण खालच्या रांगेत शुभेच्छुक, यावरून आमच्या जिल्ह्यात चुलतभावांचं बोलणं बंद होतं. इथेही तेच. करणच्या दाजींनी खऱ्या एसटीचा हॉर्न रेकॉर्ड करून दिला होता. करण म्हणजे पॅकमधले ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या बनवणारा. दाजींना खाली कसं घालायचं, म्हणून हॉर्न एसटीच्या वर ठेवला. मग खालच्या एसटीचा स्वतःचा परदेशी भोंगा त्याच्यावर बसला. दाजींचा मान राहिला, आवाज गेला.

मी नागापूरला एका वर्कशॉपमध्ये तयार झालेले पार्ट मोजतो. रामदादाची ओळख एका ग्रुपवर झाली. त्याचा पॅक उघडून पाहिला आणि यादी नीट लावून दिली. दाजींना मी गुपचूप एसटीच्या खाली आणलं. कारण विचारलं तेव्हा "टेक्निकल आहे" म्हणालो. हा शब्द ऐकला की कोणी वाद घालत नाही. रामदादाचा मॅप वरच राहिला, कारण तो खरोखरच सगळ्यांच्या आधी वाचला जायला हवा होता. मॅप म्हणजे जमीन, बाकी सगळं जमिनीवर. त्याला वाटलं, पोराला रीतभात आहे.

सगळ्यात खाली मी माझा मॉड ठेवला. त्याचं नाव 'तळ'.

कारखान्याच्या फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, तो तळ. माझं घर पाथर्डी तालुक्यात आहे, पण लहानपणीचे सगळे हिवाळे अशाच तळांवर गेले. आई-वडील पहाटे फडात जायचे, मी धाकटीला सांभाळायचो. त्या दिवसांचा आमच्याकडे एकही फोटो नाही. कोण काढणार? म्हणून मी आठवून आठवून बनवला. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्या, त्यांच्यासमोर चुली, बैलगाड्यांची रांग, बैलांपुढे टाकलेले उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे, दोन कोप्यांच्या मध्ये दोरीवर वाळत घातलेली लुगडी. एका कोपीच्या दाराला सिमेंटच्या गोणीचा पडदा. ती आमची.

पॅक बाहेर पडणार त्या दिवशी रामदादा एक व्हिडिओ टाकणार होता, सगळ्या मॅपवरून ट्रक चालवत. त्याचा चॅनल बरेच लोक बघतात. मी आईला फोनवर सांगून ठेवलं.

"आपली कोपी दिसणार आहे मोबाईलात."

"खरी?"

"खरी नाही गं. मी बनवलेली."

"मंग तू येऊन दाव. मला न्हाई सापडायचं त्यात."

रविवारी दुकानात पॅक तपासायचा ठरला. रामदादा, करण, मी आणि संस्कृती. गाड्यांचे आवाज संस्कृती जमवते. ती फार्मसी करते आणि कोणाचंच ऐकत नाही. रामदादाने मॅपची नवी आवृत्ती आणली होती. खुर्चीत बसून त्याने ट्रक बाजारपेठेतून काढला, रेल्वेचं फाटक ओलांडलं, कारखान्याच्या रस्त्याला लागला. तोंडाने कॉमेंट्री चालू होती. कारखान्याच्या फाटकाजवळ आला आणि गप्प झाला.

"हे काय?"

"तळ," मी म्हणालो.

"आरे, हितं मी पार्किंग केलंय! टँकरचं. पांढरे पट्टे मारलेत, दिवे लावलेत. दोन आठवडे घालवलेत भावा. आन् त्याच्यावर ह्या झोपड्या?"

"कोप्या," संस्कृती म्हणाली.

"तेच ते."

तेवढ्यात गेम बंद पडला. रामदादाने हात वर केले, जणू खटला त्याच्या बाजूने निकाली निघाला. "बघ. तुझ्या मॉडमुळं क्रॅश होतंय."

मी म्हणालो, तपासू. मॉड पुष्कळ असले तरी दोषी शोधायची पद्धत सोपी आहे: अर्धे बंद करायचे, चालवून बघायचं. बंद पडलं तर दोष उरलेल्या अर्ध्यांत. मग त्यांचे पुन्हा अर्धे. करण माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला. त्याला खरंच शिकायचं होतं. "पण हे वर-खाली कशाला करतो तू?" त्याने विचारलं, आणि मी त्याला तो नियम सांगितला. कोणी नीट विचारलं की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दाजींच्या हॉर्नचं उदाहरण दिलं. तो मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे दाजींना खाली घातलं तवा कुठं ते बोलाया लागले! घरी नको सांगू हां, बहीण मारंल मला."

शेवटी दोष सापडला करणच्याच ट्रॉलीत. मागच्या दिव्याची एक फाईल जोडायची राहिली होती. ती जोडली, गेम फाटकासमोरून तीनदा सुरळीत गेला.

"पण अडखळतोय," रामदादा म्हणाला. "लई जड झालंय तिथं."

मी तळ बंद करून वेग मोजला, चालू करून मोजला. फरक नव्हता. आकडे त्याला दाखवले. त्याने आकड्यांकडे पाहिलं नाही. उठून चहाचे कागदी कप गोळा करायला लागला, आणि पाठमोरा राहूनच बोलला.

"आदूगर नीट ऐक, अजिनाथ. तू हुशार हायेस, वाद नाही. पण हा पॅक पुण्या-मुंबईचे लोक बघणार, बाहेरच्या देशातले बघणार. आपला जिल्हा म्हणून काय दाखवायचं? कारखाना दाखवू, बागायत दाखवू. हे कशाला?"

"खऱ्या कारखान्यासमोर असतात की," संस्कृती म्हणाली.

"खऱ्यात कचरा पण असतो. मी टाकलाय का मॅपमध्ये?"

ते त्याच्याही कानाला लागलं असावं, कारण तो वळला आणि आवाज मऊ केला. "तसं नाही म्हणायचं मला. तुला कळतंय."

मला कळत होतं. क्रॅश आणि वेग ही दोन कारणं मी खोडून काढली, त्यात अर्धा दिवस गेला. तिसरं कारण पहिल्यापासून तिथेच होतं, आणि त्याचे अर्धे-अर्धे भाग करून काही सापडणार नव्हतं.

"तळ काढायचा असेल तर काढ," मी म्हणालो. "मग यादी पण तूच लाव. माझं नावही काढ."

रामदादा हसला. "लगेच नाकाला मिरची? राहू दे रे बाबा. तुझा तळ पॅकमधून काढत नाही. शब्द देतो. झालं?"

मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. तो त्याने पाळलासुद्धा.

पॅक बाहेर पडायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात लगीनघाई होती. "अजिनाथ, एक सरप्राइज. आम्ही ठरवलं, एवढी मेहनत तू केली, तर पहिलं नाव तुझं. माझ्या पण वर. बोल आता!"

मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. मग विचारलं, "फक्त नाव वर घेतलं, की मॉड?"

"नाव यादीतूनच येतं ना? मॉड वर घेतल्याशिवाय नाव वर कसं येईल?"

"दादा, तळ वर गेला तर तुझा मॅप त्याच्यावर बसेल. पार्किंग येईल. कोप्या दिसणार नाहीत."

"असं असतं का?" तो म्हणाला. तो फार सावकाश म्हणाला. मागून करणच्या खोकण्याचा आवाज आला.

"करणला विचार. मी शिकवलंय त्याला."

"आता पॅक चढवला बघ. उद्या सकाळी सुटतोय. आन् मी तळ काढला नाही हां. शब्द दिला होता. फायलीत आहे तुझा तळ, ज्याला पाहिजे त्याने बघावा. लोक पहिल्या नावासाठी भांडत्यात, आन् तुला फुकट भेटलं तर तू तोंड वाकडं करतो. कमाल आहे राव तुझी."

फोन ठेवल्यावर करणचा मेसेज आला: 'सॉरी भावा. त्याने विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं तुला पण आवडेल.' यातलं शेवटचं वाक्य मी बराच वेळ तपासत बसलो.

सकाळी मी पॅकच्या पानाखाली लिहिलं: 'फाटकासमोरचा ऊसतोडीचा तळ बघायचा असेल तर पहिला मॉड यादीत शेवटी न्या.' दुपारपर्यंत उत्तरं आली. एकाने लिहिलं, सगळ्यात वर नाव आहे तरी ह्यांचं रडगाणं. एकाने विचारलं, तळ म्हणजे काय. बाकीच्यांनी टँकरच्या पार्किंगचं कौतुक केलं होतं. रात्री दिवे फार छान दिसतात म्हणे.

आईला शब्द दिला होता म्हणून त्या दिवशी सुट्टी टाकून मी गेलो. यंदा त्यांची टोळी राहुरीच्या पलीकडे उतरली आहे. दुपारी गाड्या खाली करून बाया तळावर परतल्या होत्या. वडील बैलांना पाणी दाखवत होते. आई कोपीपुढे पाय पसरून बसली होती, हाताला पाचटाने कापल्याच्या रेघा. शेजारच्या कोपीतली लंकाबाई आणि आणखी दोघी-तिघी आधीच येऊन बसल्या होत्या. आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

येताना एसटीत मी ठरवलं होतं, की व्हिडिओ दाखवायचाच नाही, नेट चालत नाही म्हणायचं. पण तिथे नेट चांगलं होतं आणि लंकाबाईच्या नातवाच्या फोनवर तसलाच कुठला तरी व्हिडिओ वाजत होता.

मी फोन आईच्या हातात दिला. व्हिडिओ सुरू झाला. काळ्या पडद्यावर माझं नाव आलं, एकटंच, मोठ्या अक्षरात, आणि रामदादाचा आवाज म्हणाला, "सगळ्यात आधी मानाचं नाव, आपले अजिनाथ भाऊ, पाथर्डी!"

"आगं बया," लंकाबाई म्हणाली. "पयलंच!"

"माज्या पोराचं," आई म्हणाली. तिने फोन दोन्ही हातांत धरला. "आरं, ऐकलं का? ह्याचं नाव पयलं घेतलं!" हे वडिलांना. त्यांनी बैलाच्या पाठीवरून मान वर केली, हसले.

ट्रक बाजारपेठेतून निघाला. बायांनी एसटी ओळखली, उसाच्या ट्रॉल्या ओळखल्या. कारखान्याचं धुराडं दिसलं तेव्हा आई पुढे सरकली. फाटक आलं. समोर काळंभोर डांबर, पांढरे पट्टे, एका रेषेत टँकर.

"हितंच ना रं?" ती म्हणाली.

"इथेच."

"मंग आमाला कुटं हलिवलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. यादी, वरचं, खालचं. हे करणला मी दोन मिनिटांत समजावलं होतं. इथे एकही वाक्य पुरं होईना.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला मोकळं केलं. बायांकडे वळून ती समजुतीने म्हणाली, "काढलं आसंल. जागा त्यांचीच हाय, कवातरी उठिवणारच की."

"व्हय, मंग," लंकाबाई म्हणाली. "पर साफ लई केलंय."

व्हिडिओ पुढे चालू होता, रामदादा दिव्यांबद्दल सांगत होता. पलीकडच्या कोप्यांतून आणखी दोन बाया हात पुसत येताना दिसल्या. आईने फोन माझ्यासमोर धरला.

"ते नावाचं परत लाव. ह्यांनी न्हाई ऐकलं."

मी परत लावलं.