मावशीची परीक्षा

शिकलेल्या माणसाला वाटतं, अडाणी माणसाला परीक्षेची भीती नसते. कधी दिलीच नाही, तर भीती कसली? सिस्टरलाही तसंच वाटायचं.

तिच्या दवाखान्यात साखरेचे पेशंट यायचे, बहुतेक सगळे अंगठाबहाद्दर. त्यांच्यासाठी तिने गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य-चंद्र काढले होते आणि नजर तपासायला बिनअक्षरांचा तक्ता लावला होता. त्यावर फणीसारखे आकार, वर मोठे, खाली बारीक. दात कुणीकडे, तेवढं सांगायचं. काजं-बटणं करणाऱ्या मावशीने पहिल्या खेपेला जवळजवळ खालपर्यंत मजल मारली, तेव्हा सिस्टर सहज बोलून गेली, "वा मावशी! पहिल्या नंबराने पास!" मावशी लाजून चूर झाली.

पुढे तीन वर्षं मावशी पासच होत राहिली. डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, थेंब घालून डोळ्याचा आतला पडदा बघायचे. मावशीची साखर उतरत नव्हती. तिला पाठवायलाच हवं होतं. पण रांग मोठी, आणि तक्ता घडाघडा सांगणारीला आधी कशाला? सिस्टर तिचं नाव दर वेळी खाली सरकवायची. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण शीत तरी चेपून बघावं ना!

मग भिंतींना रंग द्यायचा म्हणून तक्ता उतरवून कपाटात ठेवला. त्या सकाळी मावशी आली, आपली आपण स्टुलावर बसली, एक डोळा झाकला आणि कोऱ्या भिंतीकडे बघून सुरू झाली. "उजवीकडे, वर, खाली, परत उजवीकडे..." एकही चूक नाही.

सिस्टर हातातलं काम टाकून जवळ आली.

"मावशी, समोर काय दिसतंय?"

"तक्ता की. पुसट झालाय जरा."

"तक्ता काढलाय, मावशी. भिंत रिकामी आहे."

मावशीचा हात डोळ्यावरच राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाहेरच्या बाकावर बसून पुढच्यांची उत्तरं ऐकायची, सिस्टर ज्याला 'बरोबर' म्हणेल ते पाठ करायचं. सून रोज दहा सुया ओवून ठेवायची. काजं हाताच्या सवयीने व्हायची.

"मला शाळेत कुणी घातलंच नाही हो. जन्मात एकदा कुणीतरी पास म्हणालं. ते जाऊ नये, असं वाटलं."

सिस्टरला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा गेलेला. डाव्यात राहिलंय तेवढं लेसरने टिकवायचा प्रयत्न करू, म्हणाले. दोन वर्षं आधी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते, हेही म्हणाले. सिस्टरने मावशीला बाकावर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं.

"चूक माझी आहे, मावशी. तुमची नाही."

मावशीने पदर सारखा केला. "मग पुढच्या खेपेला काय पाठ करून येऊ?"

"काही नको. दिसलं नाही, तर नुसतं 'दिसत नाही' म्हणायचं. म्हणून बघा बरं."

मावशीने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"दिसत नाही," ती अखेर पुटपुटली.

सिस्टरला रडू फुटलं, पण आवाज तिने गिळला. मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि तिथलं काहीच कळेना, तेव्हा तिने घाबरत विचारलं, "रागावलात का?"