उशिरा फुटलेला शब्द

पिठाच्या कोठारात पाऊल टाकलं आणि भागूबाईचा घसा चरचरला. रॉकेलसारखा, पण त्याहून उग्र वास होता. भिंतीशी एक पत्र्याचा डबा आडवा पडलेला होता. त्यातलं किडे मारायचं औषध वाहून खालच्या पोत्यांत मुरलं होतं.

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पावाच्या कारखान्यातल्या बायका तिला आधी ‘भित्री भागूबाई’ म्हणायच्या. पुढे ‘भित्री’ गळून पडलं आणि उरलेलं चिकटलं. ती कधी चिडली नाही. चिडायलाही धीर लागतो! नवरा गेल्यापासून घरात ती, शाळेत जाणारी लेक चिमणी आणि हृदयाचं दुखणं असलेले सासरे, अशी तीनच माणसं. कणीक मळायच्या यंत्रावर तिला काम मिळालं होतं. त्यावर तिघांची पोटं आणि सासऱ्यांच्या गोळ्या कशाबशा निभत होत्या.

“मुकादम,” ती हळूच म्हणाली, “या पोत्यांवर औषध सांडलंय. वास बघा ना.”

मुकादमानं वास घेतला नाही. त्यानं आधी मॅनेजरसाहेबांच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं.

“नवं पीठ अजून आलं नाही. संध्याकाळी गाड्या भरायच्यात. दवाखान्याचा पाव आहे, शाळांचा आहे. भट्टीत सगळं जळून जातं. घाल.”

“पण मुकादम...”

“फाटकाशी रोज किती बायका काम मागायला उभ्या असतात, दिसतात ना? तू नाही घातलंस तर त्यातली एखादी घालेल. पाव काय, व्हायचा तो होणारच! मग तू का उगीच जिवाला घोर लावून घेतेस?”

तिनं पोतं उचललं. यंत्रात पीठ पडलं, पाणी पडलं, कणीक गरगर फिरू लागली. देवाला हाक मारायला तिनं ओठ उघडले, पण एरवी तोंडपाठ असलेली प्रार्थना मधेच अडली.

दुपारी पहिली पाळी सुटताना भट्टीतल्या वाकड्यातिकड्या पावांतला एकेक पाव कामगारांना घरी न्यायला मिळायचा. पॅकिंगवरची मिरची तिच्या पुढे होती. जिभेनं तिखट म्हणून ती मिरची. तिनं आपला पाव पिशवीत टाकला. भागूबाईनं ते पाहिलं. तिची जीभ टाळ्याला चिकटली. मागून मुकादम बघत होता. आपण पाव घेतला नाही तर संशय येईल, म्हणून तिनंही निमूट एक घेतला. वाटेत गटारात टाकू म्हटलं, तर सगळीकडे ओळखीची माणसं. शेवटी पिशवी तशीच घरी आली.

हातपाय धुऊन ती आत आली तर चिमणीनं पाव ताटात काढलेला. डोळे मिटून ती म्हणत होती, “प्रभू, या भाकरीसाठी तुझे आभार. ही ज्यांनी बनवली त्यांना आशीर्वाद दे. आमेन.”

आणि तिनं घास तोंडाजवळ नेला.

“खाऊ नको!”

भागूबाईनं तो हिसकावला तो इतक्या जोरात, की ताट खाली पडून खणखणलं. चिमणी रडू लागली. खाटेवरून सासरे उठून बसले. ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले होते. आता नजर अधू झाली होती, पण पवित्र शास्त्र वाचल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे.

“काय झालं, सूनबाई?”

तिनं सगळं सांगितलं. “बाबा, मी बोलले तर काम जाईल. तुमच्या गोळ्या बंद होतील. एकही दिवस चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय ना?”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. तेही घाबरले होते.

“मरणाची मला भीती वाटते गं,” ते म्हणाले. “रोज वाटते. खोटं कशाला बोलू? पण माझ्या गोळीसाठी दवाखान्यात दुसरं कुणी तळमळावं, हे देवापाशी कुठल्या तोंडानं मागू?”

“देव समजून घेईल. पोटासाठीच केलं ना मी?”

“प्रभूही चाळीस दिवस उपाशीच होता रानात. भूक खरी होती, पोट पाठीला लागलेलं. सैतान नेमका तेव्हाच आला. चोरी कर, खून कर, असं म्हणाला का तो? छे! भूक लागलीय ना, मग या दगडांच्या भाकरी कर, म्हणाला. किती साधं बोलणं! आपल्याला वाटतं सैतान शिंगं घेऊन येतो. अगं, तो पोटाची काळजी घेऊन येतो. प्रभूनं शास्त्राचा आधार घेतला. माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, देवाच्या शब्दावर जगतो, एवढंच त्याला सांगितलं.”

“तो प्रभू होता, बाबा. मी कोण? मी बोलले तर काय आकाशातून भाकरी पडणार आहेत?”

“कदाचित नाही पडणार. मी तसा शब्द देत नाही. उंचावरून उडी मार, देवदूत झेलतील, असंही सैतान म्हणाला होता. प्रभूनं मारली नाही. देवाची परीक्षा बघायची नसते, त्याचं ऐकायचं असतं. पुढचं त्याच्या हाती.”

बाबांनी खाली पडलेल्या पावाकडे बोट केलं.

“हा पोरीच्या हातून का ओढलास?”

“तिला काही झालं असतं तर...”

“म्हणजे आज्ञा तुला ठाऊक आहे. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. त्यातलं ‘आपल्यासारखी’ तू आत्ता पाळलंस. शेजाऱ्यांचा वाटा तिकडे गाड्यांत भरतायत, सूनबाई.”

तिनं तो पाव पदराखाली घेतला आणि निघाली. मागे फिरावं, असं प्रत्येक वळणावर वाटत होतं. दर वेळी डोळ्यांपुढे उघडलेली चिमुकली तोंडं यायची, ओळखीची नाहीत अशी, आणि ती पुढे जायची.

फाटकाशी पहिली गाडी भरून उभी होती. इंजिन सुरू होतं. ती गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

“ए बाई, मरायचंय का?” ड्रायव्हर ओरडला.

“हा पाव नेऊ नका! पिठात विष आहे. मीच घातलंय ते, या हातांनी!”

आवाज चिरका निघाला, पण निघाला. कामगार जमले. मॅनेजरसाहेब धावत आले.

“हिच्या डोक्यावर परिणाम झालाय,” ते हसत म्हणाले. “गाडी काढ रे.”

भागूबाईनं पदराखालचा पाव त्यांच्यापुढे धरला.

“साहेब, एक घास खा. फक्त एक. मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडून घरी जाते.”

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी पावाकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं. हात काही पुढे आला नाही!

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. किल्ली खिशात घातली आणि फोन काढून अन्नतपासणी खात्याला लावला.

अधिकारी आले, पावाचे नमुने घेतले, कारखान्याला टाळं लागलं. विष होतंच. पण गावानं भागूबाईला हार घातले असं समजू नका. कारखाना बंद म्हणजे सगळ्यांच्या चुली बंद. “आमच्या पोटावर पाय दिला हिनं!” असं लोक तिला ऐकू जाईल असं बोलू लागले. एका संध्याकाळी खिडकीवर दगड आला. चिमणी एकटी शाळेत जाईना. चर्चच्या पाळकांनी बाबांच्या थोड्या गोळ्या आणून दिल्या, पण पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. दार वाजलं की भागूबाईच्या काळजात धस्स होई.

असंच एकदा दार वाजलं. बाहेर मिरची उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

“माझा नवरा दवाखान्यात आहे,” ती म्हणाली. “तू फाटकावर ओरडत होतीस ना, तेव्हा आमच्या घरी जेवणं उरकली होती. त्यानं माझ्या हातचा पाव खाल्ला. मी पाव पिशवीत टाकला तेव्हा तू माझ्या मागे होतीस. बघत होतीस! दुपारनंतर देव आठवला तुला, मग सकाळी कुठे होता गं तुझा देव?”

‘मी घाबरले होते’ हे शब्द भागूबाईच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले.

“देव तिथेच होता,” ती म्हणाली. “मीच त्याचं ऐकलं नाही. मला माफ कर, असंही कसं म्हणू?”

ती रडत खालीच बसली. मिरची शिव्या द्यायला आली होती, पण तिलाही हुंदका आला. दारातच ती भागूबाईशेजारी बसली.

“वास मलाही आला होता,” ती पुटपुटली. “भट्टीत जळून जातं, असं मीही मनाला समजावलं. सगळ्यांनाच आला होता गं. सगळ्याच गप्प बसलो.”

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. त्यांच्यामागे एकेक करून बाकीच्या बायकाही गेल्या. शेवटी मुकादम आला, मान खाली घालून. मिरचीचा नवरा वाचला, पण त्याच्या हाताला कंप राहिला तो राहिलाच. भागूबाई आणि मिरची त्याच्या उशाशी आळीपाळीनं बसल्या. पुढे भागूबाईला कपडे धुलाईच्या कारखान्यात कमी मजुरीचं काम मिळालं. कधी एक वेळचं जेवण पातळ झालं, कधी बाबांच्या गोळ्यांसाठी हात पसरावा लागला. आकाशातून भाकरी पडल्या नाहीत. पण ताटावर बसून डोळे मिटले की प्रार्थना आता मधे अडत नव्हती.

वाचकहो, भूक लहान गोष्ट नाही. पोटाची भीती काय असते ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. पण ‘पोटासाठी करावं लागतं’ असं आपण म्हणतो, तेव्हा कुणाच्या पोटात काय चाललंय, हे एकदा थांबून विचारायला हवं. देवाचं वचन कपाटात जपून ठेवायला दिलेलं नाही. नेमकं भीतीनं जीभ जड होते तेव्हाच ते उच्चारायचं असतं. आणि तेही दुपारची वाट न बघता. कारण आपण धीर गोळा करत बसतो, तोवर कुणाच्या तरी घरी जेवणं उरकलेली असतात!