एकतिसावी टिचकी

ऑफिसात त्यांना सगळे कानसेनबाई म्हणत, आणि त्यांचं कामही तसंच होतं. मंगळावर सहा चाकांची एक यंत्रगाडी फिरत होती. तिच्या मानेवर मायक्रोफोन होता, आणि त्यातून येणारा आवाज रोज ऐकून टिपून ठेवायचा तो बाईंनी. गाडीचं आयुष्य दोन वर्षांचं धरलं होतं. सातवं वर्ष सरत आलं तरी बया काही थांबायला तयार नव्हती, म्हणून तिचं नाव पडलं म्हातारी.

म्हातारीकडे लेसर होता. समोरच्या दगडावर तो तीस वेळा मारायचा. दर माऱ्याला दगडाचा कण जळून बोटांनी टिचकी वाजवावी तसा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजावरून दगड मऊ की टणक ते कळायचं. तीस मारे, तीस टिचक्या.

त्या सकाळी दहा वाजता म्हातारीची डाक आली. बाईंनी हेडफोन लावले, सवयीनं बोटावर मोजलं, आणि एकतिसाव्याला बोट तसंच उचललेलं राहिलं.

पुन्हा ऐकलं. तीस टिचक्या, मग थोडी शांतता, मग आणखी एक. बारीक, पण स्वच्छ.

त्या उठून सरांच्या खोलीत गेल्या. सर त्या विभागाचे प्रमुख. बाईंना हाताला धरून हे काम शिकवलं ते त्यांनीच.

"सर, एक जास्त आहे."

"ऊन उतरलं की धातू आकसतो," सर कागदावरून नजर न काढता म्हणाले. "हजारदा ऐकलंयस तू."

"धातू टिकटिकतो, सर. ही टिचकी आहे. आणि लेसरची नोंद बघितली मी. तीसच मारे झालेत."

"मग मेमरीत जुना आवाज अडकला असेल. पुसून टाक आणि पुन्हा घे."

बाईंनी मेमरी पुसली. दोन दिवसांनी पुन्हा एकतीस. त्यानंतरच्या खेपेलाही एकतीस. पण बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच कारणानं. मंगळावरची हवा इतकी विरळ की आवाज दहा-बारा पावलांत विरून जातो, त्यामुळे तो किती लांबून आला याचा अंदाज बांधता येतो. पहिली जादा टिचकी आठेक मीटरवरची होती. दुसरी सहावरची. तिसरी चारवरची.

एकदा काय तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणून त्यांनी लेसर बंदच ठेवायला लावला. नेहमीच्या वेळी फक्त मायक्रोफोन चालू. दुसऱ्या दिवशी सरांना शेजारी बसवून दोघांनी ते ऐकलं. तीन मिनिटं नुसता वारा. मग टिचक्या सुरू झाल्या, एका लयीत, एकामागून एक. बाईंनी मोजल्या. बरोबर तीस झाल्या आणि थांबल्या.

एकतिसावी वाजलीच नाही. ती आपण वाजवायची म्हणून सोडली होती, असं बाईंना वाटलं आणि अंगावर सरसरून काटा आला.

सरांनी हेडफोन काढले.

"दोन वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "त्या टेकडीपाशी होती ना म्हातारी, तेव्हा ऐकलं होतं मी. दोनदा."

"आणि बोलला नाहीत?"

"डाव्या कानात शिट्टी वाजते माझ्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं. म्हटलं, हेही वयाचंच असेल. खरं सांगू? मला ते वयाचंच असायला हवं होतं."

संध्याकाळी बाईंनी घरी आईला सगळं सांगितलं. आई मटार सोलत बसली होती. लेकीचं काम तिला कधी कळलं नव्हतं, पण हे तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"वाजवतंय म्हणजे विचारून आत यायचंय त्याला," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

बाईंना ते गोड वाटलं. सकाळी त्या सरांच्या मागेच लागल्या. "एकच टिचकी, सर. कुणी दार वाजवलं तर कोण आहे एवढं तरी आपण विचारतोच ना?" सर नको नको म्हणत होते. शेवटी त्यांनी सही केली.

लेसरचा एकच मारा गेला. त्या दिवशीच्या आवाजात ती एक टिचकी होती, मग बराच वेळ वारा, आणि मग: धप्.

बाईंनी हेडफोन ओढून काढले. हा आवाज हवेतून आलाच नव्हता. हवेतला आवाज कसा पुसट, भरड येतो ते त्यांना पाठ होतं. हा म्हातारीच्या अंगातून, धातूतून आला होता. कॅमेरा चारी बाजूंना फिरवला. लाल वाळू, दगड आणि चाकांच्या खुणा. दुसरं काही नाही.

सरांनी मायक्रोफोन बंद करायला लावला आणि म्हातारीला तिथून तीनशे मीटर पुढे हलवलं. अहवालात लिहिलं, धातूच्या आकुंचनाचा आवाज. बाईंनी मुकाट्यानं सही केली.

नव्या जागी आठवड्यानं मायक्रोफोन पुन्हा चालू केला. तीस मारे, तीस टिचक्या. बाईंनी चारदा मोजल्या. सर हसले, खूप दिवसांनी. बाईंनाही हायसं वाटलं.

दुपारी चहाच्या टेबलापाशी गाडी चालवणारा इंजिनियर भेटला. म्हातारीला रोज कुठून कुठे न्यायचं ते तो ठरवायचा. आज तो वैतागलेला दिसला.

"कानसेनबाई, म्हातारीचं काही कळेना झालंय. सपाट जमीन, चाकं ठणठणीत, तरी मोटारी जास्त वीज खातायत. मागच्या जागेवरून निघाल्यापासून."

"धूळ बसली असेल."

"धुळीचं एवढं वजन?" तो हसला. "चाकं वाळूत किती रुततात ते मोजलं मी. चांगलं मोठं माणूस पाठीवर बसवून निघावी, तशी चालतेय."

बाईंनी कप खाली ठेवला. काचेपलीकडे सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते, मोकळेपणानं, हात हलवत. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्या आपल्या टेबलाकडे गेल्या आणि उद्याच्या कामांच्या यादीतून त्यांनी मायक्रोफोन खोडला.