तीस मिलिसेकंदांचा दोष

१४ मार्च, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे; गाणी नऊ, माणसे तीन. इतकी नोंद करून निवृत्त यंत्रपर्यवेक्षकांनी वही मिटली, बास गिटार गळ्यात अडकवली आणि ते काचेच्या खोलीत शिरले.

रेगे, म्हणजे जमैकाच्या डुलत्या ठेक्याचे संगीत वाजवणाऱ्या त्यांच्या बँडचा हा पहिलाच अल्बम. गायिका त्यांची पुतणी, ड्रमवाला त्यांचा मेहुणा. ड्रम काल ध्वनिमुद्रित झाले होते, आज बास. स्टुडिओ दोनपर्यंतच मिळाला होता. तोवर जे गाणे जमणार नाही त्याचा बास कीबोर्डवर वाजणार, हे पुतणीने आधीच सांगितले होते.

काका निर्धास्त होते. सरावाचे मुद्रण संगणकावर तपासून त्यांनी दोष हुडकला होता: त्यांचा प्रत्येक स्वर ड्रमच्या तीस मिलिसेकंद मागे पडत होता. तंत्रनिकेतनात शिकलेल्या माणसाला हे शोभेना. पंधरा दिवस ठोके देणाऱ्या मेट्रोनोमसमोर बसून त्यांनी दोष शून्यावर आणला होता.

पहिले गाणे संपले.

"काका, हे काय केलंत? सरावात गाणं डुलत होतं, आज कवायत करतंय!"

"दोष काढला. तक्ता दाखवू?"

"दाजी," काचेपलीकडून मेहुणा माइकवर कळवळला, "तेवढंच तर तुम्हाला येत होतं!"

आता मोजून उशीर करावा, तर कधी साठ, कधी उणे दहा. कारखान्यात जन्मभर टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगी चूक, शिकवणाऱ्या काकांनी स्वतःसाठी तो तसूभरही ठेवला नव्हता. स्वतःच्या शहाणपणाला त्यांनी मनोमन हात जोडले.

साडेअकराला मेहुण्याचा धीर सुटला. "ताईनं तुमच्यात काय पाहिलं, देव जाणे! लग्नाआधी तिला इंजिनाची आकृती काढून दिलीत ना?"

"पंपाची!" वाजवता वाजवता काका उसळले. "आणि ती अचूक होती!"

भांडणाच्या नादात बोटांवरचे लक्ष उडाले आणि गाणे डुलू लागले.

"थांबू नका!" पुतणी ओरडली. "मामा, आणखी चिडवा!"

गिटार वायरने थेट संगणकाला जोडलेली असल्याने शिव्या मुद्रणात येत नव्हत्या. काकांचे घोरणे, टक्कल, सायकल. एकेका अपमानावर एकेक गाणे पार पडले. आठव्याला मात्र मेहुण्याचे मन भरून आले.

"दाजी, काय सुंदर वाजवताय हो!"

काका सुखावले, सावरून बसले आणि पुन्हा काटेकोर वाजवू लागले. दोन वाजेपर्यंत तसेच वाजवत राहिले.

वहीतली शेवटची नोंद: बास गिटारवर सात गाणी, कीबोर्डवर दोन.