कुलपावर कुलूप

"तुला काय गं, तुझा बाप भरेल," अदिती म्हणाली आणि माझं डोकंच सरकलं. भरेल ना! वडप्याला तीन गोडाऊन आहेत आमच्या पप्पांची, सगळे हिरामणशेठ म्हणतात. पण अदितीचे बाबा कोर्टात क्लार्क. केमिस्ट्रीची लॅब खाजगी कंपनीकडे गेली की फी पाचपट, आणि वर्गात पहिली येणारी ही मुलगी शेवटच्या वर्षाला घरी बसणार. मी गप्प बसू? हट्!

सरकारने अनुदान कापलं म्हणून विद्यापीठाच्या आमच्या केंद्राने लॅब कंपनीला द्यायचं ठरवलं. आम्ही सह्यांचं निवेदन दिलं. धामणकर नाक्यापर्यंत मोर्चा काढला, रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. तीन दिवस गेटवर बसलो. केंद्राचे संचालक एकदाही आमच्याशी बोलायला आले नाहीत. उलट मंगळवारी लॅबला कुलूप ठोकलं आणि नोटीस चिकटवली: शुक्रवारी लॅबचं सामान कंपनीकडे हलवणार.

आता आमच्या गोडाऊनवाल्यांची एक रीत आहे. भाडेकरूशी वाजलं की मालक त्याच्या कुलपावर आपलं कुलूप लावतो. मग दोघं समोरासमोर बसून मिटवेपर्यंत कुठल्याच कुलपाला कुणी हात लावत नाही. ज्याने तोडलं त्याला पप्पा पुन्हा दारात उभं करत नाहीत.

गुरुवारी मी पप्पांच्या ऑफिसातून मोठं पितळी कुलूप उचललं आणि लॅबच्या कडीत, त्यांच्या कुलपावर, अडकवलं. चावी माझ्या खिशात. शुक्रवारी सकाळी आम्ही चाळीस जण दारासमोर फरशीवर बसलो.

दहाला टेम्पो आला. चार हमाल उतरले आणि मागोमाग पप्पा! कंपनीने सामान ठेवायला आमचंच गोडाऊन घेतलं होतं आणि घरात मला पत्ता नाही.

"कापा ते," ऑफिसातून बाहेर आलेले संचालक म्हणाले.

लडकू हमाल कटर घेऊन पुढे आला, कुलूप बघितलं आणि मागे सरला. "शेट, कुलपावर कुलूप हाय. मी न्हाय हात लावायचा."

पप्पांनी वाकून बघितलं. स्वतःचं कुलूप ओळखायला कितीसा वेळ लागतो? "विने, चावी दे."

"नाही देणार." जन्मात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं, तेही हमालांसमोर.

"तुझी फी मी भरतोय ना? मग तुला काय त्रास गो?"

"अदितीची कोण भरणार? आणि आधी बैठक, पप्पा! तुमचाच कायदा आहे. हे साहेब एकदा तरी आमच्यासमोर बसलेत का, विचारा त्यांना!"

"हिरामणशेठ, पोरीचं काय ऐकताय?" संचालक ओरडले. "कापायला सांगा!"

पप्पांचा चेहरा लालेलाल. मला वाटलं, आता कानाखाली बसते. मी गाल पुढे केला, चावी दिली नाही.

"बसलात काय यांच्यासमोर?" पप्पांनी संचालकांना विचारलं.

"मुलांसमोर? मी?"

"मग माझ्या गोडाऊनात तुमचं सामान येत न्हाय. भाडं गेलं खड्ड्यात." लडकूच्या हातातला कटर घेऊन त्यांनी टेम्पोत फेकला आणि माझ्या शेजारी मांडी घातली.

संचालक इकडेतिकडे खुर्ची शोधायला लागले.

"खुर्ची न्हाय, साहेब," पप्पा म्हणाले. "पोरं फरशीवर हायत."

संचालकांनी हमालांकडे बघितलं, तर चौघेही टेम्पोत चढून बसले होते. मग पँट वर ओढून ते खाली बसले. मी अदितीला कोपर मारलं.

"बोल," म्हटलं, "तू पहिली बोल."