हात दुखतोय

त्या उन्हाळ्यात शैलेंद्रच्या गॅरेजमध्ये अकरा फुटबॉल होते, हाताने फेकायचे लांबट अमेरिकन फुटबॉल. सात चांगले, तीन शिवण उसवलेले आणि एक हवा न धरणारा. शिवाय या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेलं एक जाळं, रबरी पट्ट्यांचे दोन जोड आणि स्टँडवर बसवलेली, वेग मोजणारी एक रडार गन. दोन गाड्यांच्या त्या गॅरेजमध्ये आता एकही गाडी मावत नव्हती.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात एका कंपनीत शैलेंद्र गाड्यांचे ब्रेक तपासायचा. गाडी किती फुटांत थांबली, एवढंच तिथे विचारत. म्हणूनच देवांग शाळेच्या टीममध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा, झाला तेव्हा बापाने पहिला प्रश्न विचारला, "किती जोरात फेकतोस?"

ताशी सत्तेचाळीस मैल. ऑगस्टमधल्या कॅम्पला एका कॉलेजचे कोच येणार होते, आणि देवांगला त्या कॉलेजकडून खेळण्यापलीकडे आयुष्यात दुसरं काही नको होतं. पन्नासच्या खालच्या पोरांची ते नावंसुद्धा विचारत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं होतं.

"स्पीडचं एवढं काही नसतं, बाबा," देवांग म्हणायचा. "आपला प्लेयर वळायच्या आधीच बॉल सोडायचा. तो वळतो तेव्हा बॉल ऑलरेडी तिथे असतो. आय जस्ट सी इट अर्ली."

"ते 'सी' करणं कोच कशाने मोजणार?"

"मोजत नाहीत."

"मग जे मोजतात ते वाढव."

"मी ब्रेक नाहीये, बाबा!"

"ब्रेक असतास तर एव्हाना पास झाला असतास."

"शैलेंद्र, पोराला जेवू तरी दे," त्याची बायको वसुधा आतून ओरडायची. मग अजून वीस फेकी व्हायच्या. जुलै संपता संपता गनने एकोणपन्नास दाखवले.

कॅम्पच्या दिवशी आपली पाळी येण्याआधी देवांग कुंपणाशी आला. घरी तो निम्मं इंग्रजीच बोलायचा. पण भोवतालच्यांना कळू नये असं काही असलं, की बापलेकांची मराठी बरोबर बाहेर यायची. कोच चार पावलांवर उभे होते.

"बाबा, हात दुखतोय," तो ओठ न हलवता म्हणाला.

शैलेंद्रने त्याचा उजवा हात कुंपणावरून ओढून घेतला, पालथा केला, उताणा केला. तर्जनीच्या टोकाला फोड फुटून साल निघालं होतं.

"हात्तिच्या, एवढंच ना?" खिशातून चिकटपट्टी काढून त्याने बोटाला दोन वेढे दिले. "आता फेक बिनधास्त."

देवांग त्या पट्टीकडे बघत राहिला. "नाही, बाबा, हात..."

"ऑल गुड, सन?" कोचनी विचारलं.

"ही इज फाइन, कोच," देवांगच्या आधी शैलेंद्रच बोलला.

पहिली फेक एकोणपन्नास. दुसरीही तेवढीच. तिसरीला एक्कावन्न आले आणि कोचनी मान वर करून देवांगचं नाव विचारलं. कुंपणामागे शैलेंद्रची मूठ वळली. चौथ्या फेकीला चेंडू चार यार्डांवर मेल्यासारखा पडला. देवांग गुडघ्यांवर बसला होता. डाव्या हाताने त्याने उजवा खांदा गच्च धरला होता.

शैलेंद्रने गाडी हॉस्पिटलकडे काढली.

"तू हात म्हणालास रे," वाटेत तो म्हणाला.

"आर्म. हातच ना?"

"खांदा म्हणायचं. नाहीतर दंड."

"मला कुणी सांगितलं होतं?"

शैलेंद्रने आठवून पाहिलं. हात धू. हात पुढे कर. रस्ता क्रॉस करताना हात धर. घरात त्या शब्दाचा उपयोग मनगटाच्या वर कधी गेलाच नव्हता.

देवांगला तपासणीसाठी आत नेल्यावर शैलेंद्रने पार्किंगची पावती उलटी करून गणित मांडलं. वीस यार्डांची फेक. सत्तेचाळीसच्या वेगाने सेकंदाचे सत्त्याऐंशी शतांश, पन्नासच्या वेगाने ब्याऐंशी. फरक पाच शतांश. त्याने पुन्हा करून पाहिलं. तेवढाच आला.

"काय लिहितोयस?" घरून धावत आलेल्या वसुधाने विचारलं.

"काही नाही."

सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं. खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला होता, तो टाके घालून परत बसवला. त्या कॉलेजने दुसरा मुलगा घेतला. जोर लावून फेकायची परवानगी डॉक्टरांनी थेट मेमध्ये दिली. त्या संध्याकाळी देवांगने गॅरेजचा दिवा लावला आणि सात चांगल्या चेंडूंपैकी एक उचलला.

"गन लाव, बाबा."

"राहू दे ना. नुसता फेक."

"का? जे मोजत नाहीत ते नसतंच ना?"

शैलेंद्रने गन चालू केली. देवांगने पाय रोवले, दात आवळले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून चेंडू सोडला. चेंडू जाळ्यात जाऊन खाली पडला.

गनवर आकडा आला. एकतीस.